मोकळा आवाज

मंदाताई आणि मी शिंदखेड्याच्या एकाच शाळेत शिकवायचो. त्यांचे सासरे वाल्मीक नाना म्हणजे एकेकाळी जलसे गाजवलेले शाहीर. आता अंथरुणाला खिळले होते. घरात वॉकमन होता, पण हेडफोन मोडला होता. म्हणून १९९१च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघी धुळ्याला गेलो.

दुकानदाराने कान झाकणारा जाडजूड हेडफोन पुढे केला. "ताई, यात आवाज दणदणीत येतो."

मंदाताईंनी पर्समधून नानांच्या जलशाची कॅसेट काढली. डावी-उजवीकडे दोन माईक लावून कुणीतरी ती हौसेने भरली होती. थोडं ऐकून त्या म्हणाल्या, "दणदणीत आहे, पण सगळे एका घागरीत बसून गातायत."

दुसरा एक महागडा हेडफोन सुरेख होता, पण परवडणारा नव्हता. त्या हिरमुसल्या नाहीत. स्वस्तातला एकेक हेडफोन तीच कॅसेट लावून शांतपणे ऐकत राहिल्या. शेवटी पातळ स्पंजचा, हलका असा एक कानाला लावला आणि त्यांचा चेहरा खुलला. "हा मोकळा आहे. माणसं ऐसपैस उभी आहेत."

घरी नानांनी तो लावला. जरा वेळाने त्यांचा हात डावीकडे गेला.

"हाऊ आधार, आमना ढोलकीवाला! मना डावा हातले उभा शे. बठ्ठा आठेच शेतस!"

सगळे साथीदार इथेच आहेत, असं अहिराणीत म्हणत ते पडल्यापडल्याच खड्या आवाजात गाऊ लागले. मंदाताईंना कॅसेट ऐकू येत नव्हती, तरी त्यांनी मागून ध्रुपदाची अचूक झील धरली. मी थक्क होऊन ऐकत राहिले.