मुरगावची बोट

रुक्माचा भाऊ परशू कॅसलरॉकच्या स्टेशनात भांडी घासायचा. तिथल्या एका गोवेकर आचाऱ्याच्या नादाने तो बोटीवर कामाला गेला, तो गेलाच. एकदा रामनगरचा पुंडलिक वाणी निरोप घेऊन रुक्माच्या सासरी कुंभारवाड्यात आला. येत्या गुरुवारी परशूची बोट मुरगावच्या बंदराला लागणार होती आणि दुपारी मुंबईला सुटणार होती. भेटायचं तर तेवढ्यात भेटावं.

नवऱ्याला, झिलूला, जंगलातल्या लाकूडतोडीवरून सुट्टी मिळेना. मग रुक्माबरोबर चुलतसासरा म्हादू निघाला. म्हादू एकदा बैल विकायला गोव्यात उतरला होता. तेवढ्यावर पोर्तुगीजांचा अख्खा मुलूख आपल्या पायाखालचा असल्यासारखा तो बोलायचा.

सरहद्द ओलांडल्यावर कुळे स्टेशनात जकातीच्या एका शिपायाने रुक्माच्या गाठोड्यातल्या नाचणीच्या पिठात कोपरापर्यंत हात घातला. काही सापडलं नाही तसा तो हिरमुसला आणि पिठाळ हातानेच सलाम ठोकून पुढच्या डब्यात गेला.

मग एक भलं मोठं स्टेशन आलं. बाहेर कुणीतरी "मडगाव! मडगाव!" ओरडत होतं.

"आलं बघ मुरगाव! उतर, उतर!" म्हणत म्हादूने तिला खाली ओढलं. गाडी निघून गेली. रुक्माने चारी बाजूंना पाहिलं.

"मामा, समुद्र कुठं हाय?"

"आता ओहोटी आसंल," म्हादू म्हणाला.

हमालाने हे ऐकलं आणि तो खांबाला धरून हसला. मुरगाव अजून बरंच पुढे होतं, आणि पुढची गाडी दुपार कलल्यावर.

स्टेशनाबाहेर एक मोटार उभी होती. टपावर बँडवाले बसले होते, आत रेशमी झगे नि काळे कोट दाटीवाटीने बसलेले.

"मुरगावला जाती काय?" रुक्माने विचारलं.

"वता, वता! बस गो!" ड्रायव्हर म्हणाला.

ते एका ख्रिस्ती लग्नाचं वऱ्हाड होतं. नवरीकडच्यांना वाटलं, ही नवऱ्याकडची कुळं असावीत. नवऱ्याकडच्यांना वाटलं, नवरीकडची. त्यामुळे दोन्ही बाजूंनी दोघांचा मान राखला. मोटार मुरगावला जात होती हे खरं, पण सरळ नव्हे. वाटेत नवऱ्याची मावशी होती, तिथे सगळे उतरले, बँड वाजला, केक खाल्ला. मग नवरीचे काका. मग एक म्हातारी, जी कुणाचीच कोणी नव्हती, पण तिला वगळलं तर वाईट दिसलं असतं. म्हादूने प्रत्येक घरी पोटभर खाल्लं.

"मामा, बोट सुटंल वो!"

"बिनवऱ्हाडाची कशी सुटंल?" म्हादू मिशीवरचा केक पुसत म्हणाला.

तेवढ्यात लांबून बोटीचा भोंगा ऐकू आला. रुक्मा मोटारीतच मोठ्याने रडू लागली. ही आपल्या पोरीसाठी रडतेय असं वाटून नवरीच्या आईने हुंदका दिला. ती रडली म्हणून मावशी रडली. ड्रायव्हरचेही डोळे भरले, मोटार भाताच्या खाचराकडे वळली, कशीबशी परत रस्त्यावर आली.

नवरी तेवढी कोरडी होती. तिने विचारलं, "कित्याक रडटा गो तूं?"

"माझा भाऊ हाय त्या बोटीवर. लई वर्सं झाली, त्येचं तोंड न्हाई बघितलं."

नवरीने डोक्यावरची जाळी मागे सारली आणि ड्रायव्हरच्या पाठीत गुद्दा घातला. "चर्च मागीर! पयलीं बंदरार व्हर!"

बंदरात शिडी वर ओढत होते. तेवढ्यात मोटार धुरळा उडवत धक्क्यावर आली, बँडवाले जीव खाऊन वाजवू लागले. सोनेरी बटणांच्या साहेबाला वाटलं, कुणी बडी असामी आली. त्याने हात वर केला. बोटीवरच्या कप्तानाने टोपी काढली. शिडी पुन्हा खाली आली आणि तिच्यावरून अनवाणी रुक्मा चढली, मागून म्हादू.

परशू अर्धा सोललेला कांदा घेऊनच खालून धावत आला. रुक्माने वाटभर काय काय बोलायचं ठरवलं होतं. तोंडातून निघालं एवढंच,

"किती काळा झालास रं!"

"चुलीपुढं उभा ऱ्हातो न्हवं," परशू म्हणाला. त्याने तिचा हात धरून ठेवला. आईच्या शेवटच्या आजाराचं तिने सांगितलं, तेव्हा तो खाली बसला. तीही त्याच्याशेजारी बसली. कप्तान घड्याळ बघत उभा होता, पण बँड थांबेपर्यंत निघायचं कसं, हे त्याला कळत नव्हतं.

शेवटी बँडवाल्यांचा दम संपला. रुक्मा उतरली, बोट हलली. तेव्हा कुणाला तरी म्हादू आठवला.

तो बोटीच्या कठड्याशी उभा होता, हातात चहाचा पेला. "रुक्मे! थांबीव की हिला!"

"मी काय बैलगाडी हाकतीय व्हय, मामा?" ती ओरडली. बँडवाल्यांनी पुन्हा सूर धरला. परशू म्हादूच्या खांद्यावर हात टाकून खो खो हसत होता. रुक्मा रडता रडता हसू लागली.

वऱ्हाडातल्या बायकांनी तिला जेवू घालून परतीच्या गाडीत बसवलं. उभ्या जन्मात ती कधी एकटी गाडीत बसली नव्हती. पण कुळ्याच्या शिपायाला तिने स्वतःच गाठोडं उघडून दाखवलं.

कॅसलरॉकला झिलू बैलगाडी घेऊन उभा होता.

"म्हादूकाका कुठं हाय?"

"मुंबैला गेला."

"कशाला?"

"च्या प्यायला गेला."

झिलूने बैल हाकले. गाडी स्टेशनाबाहेर पडली. मग तो म्हणाला, "मला सांगून तरी जायचं हुतं." आणि रुक्मा गाडीच्या साट्यावर हसून हसून आडवी झाली.