दुपटीची शेगडी

सन २००५च्या ऑक्टोबर महिन्याच्या बावीस तारखेस, शनिवारी, सकाळी दहाच्या सुमारास, पेनसिल्व्हेनिया राज्यातील स्टेट कॉलेज गावी, नव्वद वर्षांच्या एका लाकडी घराच्या दिवाणखान्यात रवींद्र डबीर याने आपल्या नव्या, लाकडे जाळण्याच्या, काचेच्या दाराच्या लोखंडी शेगडीत पहिली काडी टाकली. विद्यापीठात पुलांची बांधणी शिकवणाऱ्या या गृहस्थाचा या घटकेचा हेतू एकच होता: पुढल्या शनिवारचे टेक्ससचे विमान दोन आसने रिकामी ठेवून उडावे.

हकिकत अशी. पत्नी अहिल्येचे पहिलेच बाळंतपण, डिसेंबरच्या आरंभी. त्यासाठी तिची आई प्रतिमाबाई नागपुराहून आल्या. तळघरातला जुना हीटर साठ अंश फॅरनहाइटपलीकडे, म्हणजे आपल्याकडच्या पंधरा-सोळा अंशांपलीकडे, ढिम्म सरकत नसे. पहिल्याच संध्याकाळी शाल, स्वेटर आणि वर जावयाची कानटोपी असा जामानिमा करून त्यांनी बजावले,

"रवींद्रराव, ह्या घरात दुधाला विरजण लागत नाही, तिथे बाळंतीण कशी राहायची? राजीवनं टेक्ससला, फ्रिस्कोची तिकिटं काढून ठेवलीत, एकोणतीसची. तोवर घर तापलं तर ठीक, नाही तर लेकीला मी तिच्या भावाकडे नेते."

सत्र सोडून रवींद्राला जाता येणार नव्हते. म्हणजे अपत्याचे पहिले रडणे फोनवरून ऐकणे आले.

त्याने कंबर कसली. दहाही खोल्या, जिने, माळा, खिडक्यांच्या फटीसुद्धा मोजल्या आणि सतरा पानांचे गणित मांडले. ज्या पुलावरून दहा ट्रक जायचे तो वीस ट्रकांचा बांधावा, या व्यवसायधर्माला जागून आलेले उत्तर त्याने दुप्पट केले. शेगड्यांचा दुकानदार योडर घर पाहून गेला होता. तो पांढऱ्या दाढीचा म्हातारा म्हणाला, "या घराला लहान घ्या. शेगडी घरात नसते, खोलीत असते." रवींद्राने तत्काळ अनुमान काढले: गिऱ्हाईक मोठी मागत असता जो दुकानदार लहान पुढे करतो, त्याच्याकडे लहानांचा माल पडून असला पाहिजे. तर्कात खोट नव्हती. दुकानातली सर्वांत मोठी शेगडी घरी आली.

आणि ती पेटली. पाऊण तासात तापमापक ब्याण्णववर गेला. प्रतिमाबाईंची प्रथम शाल उतरली, मग स्वेटर, मग टोपी.

"अरे रवी, सॉना झालाय इथे! खिडकी उघड ना यार!" अहिल्या वहीने वारा घेत म्हणाली.

"थांब, हवा कमी करतो. कंट्रोल आहे त्याला."

त्याने हवेची खिट्टी ओढली. जाळ मरगळला, काच काजळली. पाहावे म्हणून त्याने दार उघडताच धुराचा लोट बाहेर आला आणि छतावरचा अलार्म बोंबलू लागला.

"बाप्पा! तिघांचा भात कुणी लग्नाच्या हंड्यात शिजवतं का?" प्रतिमाबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या.

"आई, सेफ्टी म्हणून दुप्पट घेतली."

"ट्रक कमी आले म्हणून पूल काही रुसत नाही. पण मोठ्या शेगडीत जाळ दाबला की ती धुमसणारच. मला सांगा, बाळ कुठल्या खोलीत राहणार?"

"ह्याच."

"मग वरच्या खोल्या कुणासाठी तापवताय? भुतांसाठी?"

सतराही पानांत याचे उत्तर नव्हते. लग्नाच्या चार वर्षांत प्रथमच रवींद्राने वाद घातला नाही, उलट त्याहून अवघड गोष्ट केली. त्याने योडरला फोन लावून आपली चूक स्पष्ट शब्दांत कबूल केली.

"बुधवारी येतो," पलीकडून शांत आवाज आला. "लहान एकच उरली होती. तुमच्या नावाने बाजूला ठेवली आहे."

बुधवारी सकाळी मोठी शेगडी परत गेली आणि तिच्या जागी लहान बसली. गुडघ्याइतकी बुटकी, पण आत जाळ मोकळा, पिवळा, खेळता. काच स्वच्छ. पाळणा जिथे लागायचा त्या कोपऱ्यात प्रतिमाबाईंनी थिजलेल्या खोबरेल तेलाची वाटी ठेवली आणि त्या लेकीचे केस विंचरत बसल्या. रवींद्र तापमापक घेऊन दर दहा मिनिटांनी येई.

"ठेवा हो तो काचेचा तुकडा," त्या म्हणत.

दुपारी दोनच्या सुमारास त्यांनी वाटी उचलून तिरकी केली. तेल पाण्यासारखे वाहिले. अहिल्येच्या कपाळावर घामाचा टिपूस नव्हता, आणि अंगावर शालही नव्हती. त्यांनी एकवार जावयाकडे पाहिले, फोन मागून घेतला आणि फ्रिस्कोचा नंबर फिरवला.

"राजीव, तिकिटं कॅन्सल कर. बाळंतपण इथंच होईल."