सातवा पिवळा फॉर्म

आमच्या हॉस्पिटलात दरवर्षी तीन बक्षिसं देतात. करुणा, सुरक्षा आणि सहकार्य. करुणेचं बक्षीस कशावरून ठरवतात ते मला सव्वीस वर्षांत कळलेलं नाही, आणि सहकार्याचं ज्यांना मिळतं त्यांच्यात त्याच आठवड्यात भांडणं लागतात. ते एक वेळ चालेल. माझं डोकं फिरतं ते सुरक्षेच्या बक्षिसाने.

चूक झाली, किंवा होता होता राहिली, की जिला ती दिसली तिने पिवळा फॉर्म भरायचा असतो. काय झालं, कधी झालं, चूक कोणाची, खाली सही. आणि बक्षीस कोणाला? तर जिच्या सहीचे फॉर्म सगळ्यात कमी तिला. म्हणजे जी डोळे उघडे ठेवते ती धोकादायक आणि जी मिटते ती सुरक्षित. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मी हे तीन वर्षं मीटिंगमध्ये सांगतेय. दर वेळी सगळ्या माना डोलावतात आणि पुढचा विषय घेतात.

दोन वर्षं लागोपाठ ते बक्षीस वरच्या मजल्यावरच्या सर्जरी वॉर्डाच्या इन्चार्जला मिळालं. ती माझी सख्खी नणंद. घरी मी तिला वन्सं म्हणते, इथे सिस्टर म्हणते, आणि मनातल्या मनात काय म्हणते ते लिहिण्यासारखं नाही. तिच्या वॉर्डाचे फॉर्म शून्य. तिच्या टेबलावरच्या फॉर्मच्या गठ्ठ्याची कागदी पट्टीसुद्धा अजून फाटलेली नाही, त्यावर ती चहाचा कप ठेवते. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आणि माझ्या वॉर्डात आहे दोनदा. खरं नाव वेगळं आहे, पण प्रत्येक गोष्ट दोनदा विचारते म्हणून हे पडलं. पेशंटला नाव दोनदा विचारते, बाटलीवरचं लेबल दोनदा वाचते, माझं अक्षर लागलं नाही तर मलाही दोनदा उठवते. खुर्चीवर टेकलं की हिचं "सिस्टर, एकदा बघता का?" सुरू. वैताग आहे नुसता. पण सुट्टीवर जाताना मी वॉर्ड तिच्याशिवाय कोणावर सोडत नाही.

दोनदाला कंत्राटावर तीन वर्षं झाली होती. गेल्या वेळी कायम व्हायच्या मुलाखतीत तिचे तीन गुण कमी पडले. या वेळी नाही जमलं तर महिनाअखेरीस कंत्राट संपणार आणि ती घरी बसणार. सुरक्षेच्या बक्षिसाला त्या मुलाखतीत दहा गुण असतात. म्हणून मी तिचं नाव दिलं.

मेट्रनबाईंनी मला बोलावून घेतलं. मुलगी चांगली आहे म्हणाल्या, पण तिच्या सहीचे अकरा फॉर्म आहेत, कमिटी काय म्हणेल? मग पेपरवेट फिरवत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "फाइल तुमच्याच कपाटात असते ना, सिस्टर? कागद कधी कधी गहाळ होतात."

खोटं कशाला सांगू, मला त्यात काही वावगं वाटलं नाही. दुपारची औषधं झाल्यावर मी फाइल काढली आणि अकराही फॉर्म सोडवले. फाडायच्या आधी वाचू लागले. दोन वेगळ्या इंजेक्शनांच्या बाटल्यांना एकाच रंगाचं झाकण. बाथरूमसमोरची ओली फरशी. पलंगाचा कठडा खाली घसरतो. "चूक कोणाची" या रकान्यात तिने एकदाही माणसाचं नाव घातलं नव्हतं. कुठे "झाकणाचा रंग एकच", कुठे "कठड्याचा खिळा सैल".

सातव्या फॉर्मवर लिहिलं होतं: तेरा नंबरच्या साखरेच्या गोळ्या चौदा नंबरच्या वाटीत. देण्याआधी लक्षात आलं. रकान्यात लिहिलं होतं, "दोघांचं आडनाव एकच".

मग तारीख बघितली. त्या सकाळी मला ताप होता आणि वाट्या मी भरल्या होत्या. चौदा नंबरला साखरेचा आजारच नव्हता. त्या गोळ्या पोटात गेल्या असत्या तर म्हातारा शुद्धीवर राहिला नसता. दोनदाने नेहमीसारखं "एकदा बघता का?" विचारलं होतं आणि मी तिच्या अंगावर खेकसले होते. नंतर काय झालं ते मी विचारलंही नाही. फॉर्मवर इन्चार्ज म्हणून माझीच सही होती, न वाचता केलेली.

माझी लाज वाटली मला. माझीच चूक फाडून मी तिच्यावर उपकार करायला निघाले होते. फॉर्म भराभर परत लावले आणि कपाट बंद केलं. पण कमिटीपुढे गेले तेव्हा सातव्याबद्दल ब्र काढला नाही. नुसती नियमांवर तावातावाने बोलले. उपयोग काय? अकरा ते अकरा आणि शून्य ते शून्य.

समारंभ दुपारी चार वाजता हॉलमध्ये. हॉल भरलेला दिसायला हवा म्हणून हुकूम निघाला: वॉर्डात एकेक नर्स ठेवा, बाकी सगळ्या वर. माझ्याकडे दोनदा थांबली. वर माझ्या नणंदबाईंनी शील्ड घेतलं आणि माइकवर सांगितलं की आमच्या वॉर्डात चुका होतच नाहीत. मीही टाळ्या वाजवल्या. घरी तोंड दाखवायचं असतं.

खाली आले तर नऊ नंबरला ऑक्सिजन लावलेला, तीन नंबरची सलाइन नुकतीच बदललेली, आणि दोनदा भिंतीला टेकून पाणी पीत होती. नऊला धाप लागली आणि तीनची सलाइन संपली, दोन्ही एकाच वेळी झालं होतं. हाक मारायला कोणी नव्हतं. नऊ नंबर आता बरा होता. टेबलावर बारावा फॉर्म तयार: वॉर्डात चाळीस मिनिटं एकच नर्स. कारण: सुरक्षा पुरस्काराचा समारंभ.

मला हसावं की कपाळ बडवावं कळेना. मंगळवारी तिची मुलाखत होती. मी म्हटलं, "अगं, मंगळवारनंतर दे की हा. चार दिवसांनी काय बिघडतंय?"

"चार दिवसांत परत समारंभ असला तर?" ती म्हणाली.

तिने अजून सही केली नव्हती. मी फॉर्म ओढून घेतला आणि सहीच्या जागी माझी सही केली.

"पण सिस्टर, वॉर्डात मी होते."

"म्हणूनच. तुला एकटीला टाकून टाळ्या वाजवायला मी गेले होते." चूक कोणाची, या रकान्यात मी माझं नाव लिहिलं, हुद्द्यासकट. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

तिने फॉर्म घेतला, वाचला, परत एकदा वाचला. मग खाली बघत म्हणाली, "सिस्टर, सातवा पण आणू का? फाइलीत तो उलटा लागलाय."

"आण," मी म्हटलं, आणि पेनाचं टोपण तसंच उघडं ठेवलं.