डायसची उजवी बाजू

मी एक जुना डायस आहे. भाषण करणारी माणसे ज्याच्यामागे पोट लपवून उभी राहतात आणि ज्याच्यावर मूठ आपटतात, ते उभे लाकडी खोके म्हणजे मी. मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू सहसा माणसांविषयी प्रेमाने बोलतात. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. माझे आयुष्य भाषणे ऐकण्यात गेले आहे.

माझा जन्म भिंगारचा. तिथे लष्करी क्वार्टरसाठी खाटा आणि कपाटे बनवणाऱ्या एका सुताराने मला सागवानात घडवले आणि माझ्या दर्शनी फळीवर उसाची नक्षी कोरली. काम संपल्यावर तो स्वतः माझ्यामागे उभा राहिला. समोर कोणी नव्हते. त्याने हात फिरवला, एक कोपरा खरखरीत लागला तो घासला, आणि काही न बोलता जेवायला गेला. त्यानंतर इतके थोडक्यात कोणी आटोपले नाही.

तिथून मला एका साखर कारखान्यात नेले. तो आता बंद आहे, म्हणून नाव घेत नाही. दरवर्षी मांडवात सभासदांची सर्वसाधारण सभा भरे. अध्यक्ष माझ्यावर अहवाल ठेवून 'विषय क्रमांक' एवढे म्हणत, तोच पुढच्या रांगेत आणून बसवलेली माणसे 'मंजूर, मंजूर' असा गलका करत. विषय कोणता हे ओरडणाऱ्यांना ठाऊक नसे आणि अध्यक्षांना तो वाचण्याचा कंटाळा असे. मागच्या रांगेतून एखादा सभासद प्रश्न विचारायला उठला की नेमका माइक बिघडे. अध्यक्षांच्या गळ्यात न मावलेले हार माझ्या अंगावर टाकले जात. त्या काळी मी यालाच मान समजत होतो.

कारखान्याची चाके थांबली आणि माझी रवानगी गोदामात झाली. उंदरांनी तिथे जुने अहवाल खाल्ले. निदान त्यांनी ते शेवटच्या पानापर्यंत संपवले. मग भंगारासोबत माझाही लिलाव झाला आणि राहुरीच्या वैजनाथरावांनी मला टेम्पोत घालून घरी आणले.

वैजनाथरावांकडे बी.एड.ची पदवी होती. कुठल्याही शाळेने त्यांना शिक्षक म्हणून घेतले नाही, तेव्हा शाळा ही गोष्टच निकामी आहे असा शोध त्यांना लागला. त्यांची पत्नी दिपाली मात्र जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. ती रोज सकाळी स्कूटीवरून एका वस्तीवरच्या मुलांना शिकवायला जाई. घर तिच्या पगारावर चाले, आणि त्याच घराच्या हॉलमध्ये बसून तिचा नवरा शाळांना नावे ठेवी. त्यांची मुलगी राजेश्वरी. तिला त्यांनी दुसरीतून काढून घरी बसवले होते. मी आलो तेव्हा ती अकरा वर्षांची होती.

वैजनाथरावांनी मोबाईलवर प्राचीन शिक्षणपद्धतीचे पुष्कळ व्हिडिओ पाहिले होते. ग्रीकांचे थोडे, आपल्याकडच्या पंडितांचे थोडे, असे एकत्र करून त्यांनी तीन पायऱ्या ठरवल्या होत्या: आधी पाठांतर, मग तर्क, मग वक्तृत्व. राजेश्वरी सकाळी संस्कृतची रूपे म्हणे, पावकी-दिडकी म्हणे आणि लॅटिनची काही वाक्ये म्हणे. त्या वाक्यांचा अर्थ सांगायला वैजनाथरावांना व्हिडिओ मागे न्यावा लागे.

तरी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. पद्धत वाईट नव्हती. विशेषतः वादाचा तास. त्यात आधी विरुद्ध बाजू मांडायची, तिला पूर्वपक्ष म्हणायचे. तो इतक्या प्रामाणिकपणे मांडायचा की विरोधकानेही मान डोलवावी. मग त्याचे खंडन करायचे, तो उत्तरपक्ष. आणि ज्याचे खंडन करता येत नाही, ते मान्य करायचे. हा नियम वैजनाथराव रोज सांगत. चांगली गोष्ट हलक्या माणसाच्या हाती पडली म्हणून ती हलकी होत नाही, हे मी त्या हॉलमध्ये शिकलो.

राजेश्वरी माझ्या डावीकडे उभी राहून पूर्वपक्ष मांडे, उजवीकडे सरकून त्याला उत्तर देई. विरोधक तीच, विजेतीही तीच. समोर सोफ्यावर तिचे वडील मोबाईल धरून व्हिडिओ काढत.

शेजारची मोनिका संध्याकाळी खेळायला येई. ती गावातल्या हायस्कुलात जात होती.

"तू एकटीच भांडती का गं?" तिने एकदा दारातून विचारले.

"भांडत नाही. वाद करते."

"कोणासंगं?"

राजेश्वरीने उजवीकडे पाहिले, डावीकडे पाहिले.

"येडी हाय तू," मोनिका म्हणाली. "आमच्या वर्गात ये. धा पोरी हायेत, धाही तुला खोटं पाडतेन."

त्या दिवसापासून राजेश्वरीच्या डोक्यात शाळा बसली. ना गणवेशाचे वेड, ना डब्याचे. तिला खोटे पाडणारे कोणीतरी हवे होते. तिने वडिलांना विचारले तेव्हा त्यांनी हसून सांगितले, "अगं, शाळेत जाऊन तू सरासरी होशील." त्या सबंध घरात सरासरीच्याही खाली कोण होते, हे सांगण्याची मला सोय नव्हती.

मे महिन्यात वैजनाथरावांनी ठरवले की आता हॉलमध्ये गुरुकुल काढायचे. चार घरची मुले घ्यायची आणि राजेश्वरीला नमुना म्हणून पालकांपुढे उभे करायचे. रविवारी सकाळचा कार्यक्रम ठरला. विषयही त्यांनीच दिला, 'शिक्षण शाळेत की घरी?' पूर्वपक्ष शाळेचा, उत्तरपक्ष घराचा.

राजेश्वरीला कळून चुकले होते. त्या दिवशी ती चांगली बोलली तर गुरुकुल भरणार, आणि नमुन्याला कोणी शाळेत सोडत नाही. वाईट बोलायचे तर तिला येत नव्हते. तसे तिला कोणी शिकवलेच नव्हते.

ती आईकडे गेली. दिपाली वस्तीवरून येऊन नुकतीच टेकली होती.

"मम्मी, शाळेत चांगलं काय असतं? खरं सांग, पूर्वपक्षासाठी पाहिजे."

दिपालीने जरा विचार केला. "मी गणित चुकले की पोरं ओरडतात. 'बाई, चुकलं, चुकलं.' सगळ्या वर्गाला इतका आनंद होतो."

"तू चुकतेस?"

"कधी कधी मुद्दाम. कधी खरंच." ती उठली. "तुझे पप्पा चुकले तर कोण ओरडतं?"

मित्रांनो, रविवार उजाडला. वैजनाथरावांनी मला फर्निचरचे तेल पाजून चकचकीत केले. खताच्या दुकानाचे मालक मच्छिंद्रशेठ बायकोला घेऊन आले. तिचे नाव मनकर्णा. आणखी दोन जोडपी आली. पाथर्डीहून वैजनाथरावांची थोरली बहीण राहीबाईही आली होती. पाहुण्यांना चहा झाला, पोहे झाले, आणि कारखान्याच्या सभेत असत तसे चेहरे माझ्यासमोर बसले. ऐकण्याआधीच पसंती देऊन बसलेले.

राजेश्वरी डावीकडे उभी राहिली.

"पूर्वपक्ष असा आहे," ती म्हणाली. "घरी शिकणारी मुलगी एकाच माणसाकडून शिकते. त्या माणसाला जे येत नाही, ते जगात नाहीच असं तिला वाटतं. तो चुकला तर 'चुकलं' म्हणून ओरडणारा वर्ग नसतो. ती वाद करते तेव्हा विरोधकही तीच असते, आणि स्वतःला सोपे प्रश्न विचारायची सवय तिला लागते. ती रोज जिंकते. जी कधी हरली नाही, तिला आपण जिंकलो हे कसं कळणार?"

पुढेही ती बोलली. आवाज चढला नाही, मूठ आपटली नाही. मग ती उजवीकडे सरकली. वैजनाथरावांनी मोबाईल जरा उंच धरला.

राजेश्वरीने दोन्ही हात माझ्यावर ठेवले.

"हां, उत्तरपक्ष," वैजनाथराव म्हणाले.

"शोधला, पप्पा. सापडला नाही. म्हणून पूर्वपक्ष मान्य."

तेवढ्यात मच्छिंद्रशेठनी टाळी वाजवली. पाठोपाठ सगळ्यांनी वाजवली. "आयला, काय बोलती पोरगी! पार वकील हाय वकील! सर, आमची दोनी पोरं तुमच्याकडंच, फिक्स!"

पोरगी काय म्हणाली, हे त्यांच्यापैकी एकाच्याही कानात शिरले नव्हते. वैजनाथरावांच्या चेहऱ्यावर आधी घाम आला होता. टाळ्या पडताच तो हसण्यात मुरला. "बघा," ते म्हणाले, "हीच आपल्या पद्धतीची ताकद."

"मग मी जूनपासून शाळेत जाऊ?" राजेश्वरीने माझ्यामागूनच विचारले. "नियम आहे ना. खंडन झालं नाही तर मान्य करायचं."

"तो नियम सरावापुरता असतो, बाळा."

तिने त्यांच्याकडे पाहिले. माझ्यावर ठेवलेले तिचे हात सैल झाले. आजवर तिला वडिलांच्या पद्धतीचा कंटाळा आला होता, त्यांचा राग आला होता. आता आली ती तुच्छता. ती मी ओळखली, कारण ती माझ्या अंगी मुरलेली आहे. अकरा वर्षांच्या मुलीच्या नजरेत ती पाहायला मला आवडले नाही.

"वैजू," राहीबाई म्हणाल्या, "लेकरानं इचारलंय. नीट सांग की."

"आक्का, तू मधे पडू नको."

"का? माजं बी पाठांतर घेतो का आता?"

लोक हसले. पण मनकर्णाबाई हसल्या नाहीत.

"सर, एक इचारू का? आमच्या पोरांला तुमी शिकवनार, ते बी सरावापुरतंच का?"

मच्छिंद्रशेठनी बायकोकडे पाहिले, मग सरांकडे पाहिले. एकदम जागे झाल्यासारखे ते म्हणाले, "व्हय की. बराबर हाय."

वैजनाथरावांनी घाईघाईने हात हलवले. "नाही नाही, तसं कसं! नियम म्हणजे नियम. राजेश्वरी जाईल शाळेत. जूनपासून. आमच्याकडे शब्दाला किंमत आहे."

मित्रांनो, याला न्याय समजू नका. मुलीच्या युक्तिवादाने त्यांचे मन वळले नाही. दोन प्रवेश हातचे जातील या भीतीने वळले. इतका नितळ वाद माझ्यावरून आजवर कोणी केला नव्हता, आणि तो जिंकला गेला खतवाल्या गिऱ्हाइकाच्या बायकोच्या शंकेमुळे. दारात चहाचा ट्रे धरून उभ्या असलेल्या दिपालीला हे कळले असावे. पण ती शहाणी होती. "दाखला मी उद्याच काढते," एवढेच बोलून ती कपबश्या गोळा करू लागली.

आता हॉलमध्ये मच्छिंद्रशेठची दोन मुले लॅटिन म्हणतात. वैजनाथराव व्हिडिओ काढतात. राजेश्वरीच्या त्या बोलण्याचा व्हिडिओ मात्र त्यांनी कुठेच टाकला नाही.

पहिले काही दिवस शाळेत तिला 'पुस्तक' म्हणून चिडवत. एका दुपारी ती तरातरा घरात आली, दप्तर जमिनीवर टाकून खाली बसली. डोळे लाल होते.

"काय झालं?" दिपालीने विचारले.

"सगळ्या वर्गासमोर मला खोटं पाडलं. मोनिकानी नाही, दुसऱ्याच एका मुलीनी. आणि मम्मी, तिचं बरोबर होतं." तिने नाक पुसले. "उद्या तिच्या शेजारी बसणार आहे मी."

माझ्यावर सध्या मुलांचे डबे आणि वैजनाथरावांचा चार्जर असतो. नक्षीत धूळ साठली आहे. माझी तक्रार नाही. तुमच्या शाळेतला, सभागृहातला डायस तुम्ही जरूर जपा, त्याला वाळवी लागू देऊ नका. पण त्याच्यामागे उभे राहण्यापूर्वी समोर नीट बघा. सगळेच मान डोलवत असतील, तर खाली उतरा आणि तुमचे न पटणारा एखादा माणूस शोधून आणा. तो येईपर्यंत मला पॉलिश करण्याची घाई नाही.