जावयासाठी ठेवलेली कॉफी

कपात कॉफी पडली ती पाण्यासारखी, भराभर. वर साय अशी नाहीच. जयसिंगांनी कप उचलून पाहिला.

"मशीन बिघडलं का काय गं, जुईली?"

जुईलीने नवऱ्याकडे पाहिले. पियूष ओट्यावरची कॉफीच्या दाण्यांची पिशवी निरखत होता. गेल्या दिवाळीत मशीनसोबत त्यानेच ती सासऱ्यांना पाठवली होती. वर्ष होत आले, आणि ती आज त्याच्यासमोर फोडली गेली होती.

"आबा, तुम्ही एकदाही करून पाहिली नाही?" आवाज साधाच होता, पण पिशवी खाली ठेवताना त्याने कुणाकडे पाहिले नाही.

जुईलीने घाईने ती पिशवी मागे सरकवली. मूळचा वऱ्हाडातला, परक्या मुलखातला जावई आबांना मनापासून नको होता, हे सगळ्या माले गावाला ठाऊक होते. लग्नानंतर पियूष पहिल्यांदाच राहायला आला होता, तोही तिच्या हट्टापायी. आता हा दुपारीच निघू म्हणेल, असे तिला वाटले.

"मी कशाला करू?" जयसिंग म्हणाले. "तुमी याल तवा करायची म्हणून ठिवली. आंबेमोहराच्या कणगीत, पार तळाला."

"मलाबी हात लावू दिला न्हाई," चुलीपाशी बसलेल्या जुईलीच्या आई, रंभाबाई म्हणाल्या. "जसं काय सोनंच हाय!"

"पण वर्षभर, आबा?" पियूषने विचारले.

"मग? नवा तांदूळ कुणी जावयाच्या ताटात वाढतं व्हय? गिच्च गोळा हुतो. जुना झाला की शीत न् शीत मोकळं. म्हटलं, कॉफीबी मुरंल."

पियूषने पिशवी पुन्हा हातात घेतली. मग म्हणाला, "मला वाटलं, तुम्हाला ती घरातच नको होती."

"नको आसती तर आंबेमोहरात ठिवली आसती का?"

पियूषला हसू आले. त्याने सोबत आणलेल्या थैलीतून कॉफीचे नवे पाकीट काढले आणि सावकाश सांगू लागला, "भाजल्यावर दाण्यात हवा कोंडलेली असते. ती हळूहळू निघून जाते, वासही उडतो. मग कॉफी पाण्याला अडवत नाही, पाणी पळत सुटतं."

"म्हंजी भाजली की लगी प्यायची?"

"लगेच नाही. नुसता फेस होतो. आठवडाभर विसावू द्यायची."

"बघा! थोडं मुरावं लागतंच की!" जयसिंग खूश झाले.

नवे दाणे जयसिंगांनीच दळले. या वेळी धार काकवीसारखी उतरली, दाट, सावकाश, वर तांबूस साय. वास थेट पडवीपर्यंत गेला. जयसिंगांनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडे केले.

"लई कडू हाय वो! ह्येच्यापायी एवढा खटाटोप?"

"साखर घालू?"

"घाला दोन चमचे. तुमचा मान म्हणून पितो."

रंभाबाई पाकीट उचलून ठेवू लागल्या, तसा पियूष म्हणाला, "आता ठेवायची नाही, आई. महिन्याभरात संपवायची."

"आमच्यानं न्हाई संपायची," जयसिंग म्हणाले. कप त्यांनी दोन्ही हातांत धरला होता. "तुमालाच यावं लागंल, जावईबापू. दर ऐतवारी."

पियूष उठला. कपड्यांची बॅग अजून गाडीतच होती. ती आणायला तो बाहेर गेला.