टाके मोजायचे नाहीत

निवृत्तीनंतर तिला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, "मग आता वेळ कसा जातो?" विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर मयताला आल्यासारखे भाव असत. पहिल्या महिन्यात तिने खरी उत्तरे दिली, दुसऱ्या महिन्यात हसून वेळ मारून नेली, आणि पानगळ सुरू होईपर्यंत "साठ सेकंदांत एक मिनिट जातं, पूर्वीसारखंच," या वाक्यावर ती स्थिरावली. त्यानंतर विचारणाऱ्यांची संख्या समाधानकारकरीत्या घटली.

एकतीस वर्षे तिने एका प्रयोगशाळेत दुसऱ्यांची मापे खरी की खोटी हे तपासले होते. तराजू, तापमापक, दाबमापक. तिच्या सहीशिवाय कोणत्याही यंत्राचा आकडा आकडा मानला जात नसे. घरचे तिला मागून 'मोजपट्टी' म्हणत. नाव अचूक असल्यामुळे तिने कधी हरकत घेतली नव्हती.

तिचा वेळ प्रत्यक्षात असा जाई. खिडकीजवळ उंच पाठीची खुर्ची, समोर उतरत्या लाकडी टेकूवर सातशे पानांची कादंबरी, पाने उलटू नयेत म्हणून कपड्यांचे दोन चिमटे, आणि मांडीवर राखाडी लोकरीचे पांघरूण. नक्षी मुद्दाम साधी निवडलेली, सरळ खांबांच्या ओळी, म्हणजे क्रोशाची सुई बोटांवर सोपवून डोळे पुस्तकात ठेवता येत. ओळ संपली की टाके मोजायचे, एकशे बारा भरले की पान उलटायचे. बाहेर रस्त्याकडेची झाडे आपला पसारा खाली टाकत असत आणि पालिकेचा झाडूवाला तो यंत्राने एका बाजूला फुंकून ठेवी, वारा तो परत आणी. या व्यवस्थेने आत्म्याचा उद्धार होतो असा तिचा दावा नव्हता. तिला ते आवडत होते. एवढे कारण पुरेसे मानणारे माणूस मात्र तिला अजून भेटायचे होते. वाचले की विस्मरण टळते म्हणे, विणले की सांधे मोकळे राहतात म्हणे, पिवळ्या पानांकडे पाहिले की कसलीशी रसायने स्रवतात म्हणे. लोकांना निवांत बसायलाही वैद्यकीय दाखला लागतो.

असा दाखला घेऊन एका मंगळवारी दुपारी तिची धाकटी बहीण दारात उभी राहिली. धाकटी तिच्याहून दोन वर्षांनी लहान. शाळेत चित्रकला शिकवून गेल्याच वर्षी मोकळी झालेली. तिने पिशवीतून विणकाम काढून अभिमानाने पसरले. खाली ते दोन हात रुंद होते, वर जेमतेम वीतभर.

"हे काय आहे?"

"शाल."

"कोणाची? जिराफाची?"

"तू असंच बोलणार, मला माहीत होतं," धाकटी शांतपणे म्हणाली. ही शांतता नवी होती आणि शिकवलेली वाटत होती. "माई म्हणतात, शाल आपला आकार आपण शोधते. तिला नको असलेलं ती सोडत जाते."

"ती टाके सोडत गेलीय. ओळीमागे एक." मोजपट्टीने कडेला बोट ठेवले. "ओळ वळवताना तीन साखळ्या घालतेस ना, तो पहिला खांब झाला. परत येताना त्याच्या माथ्यावर शेवटचा खांब घालायचा असतो. तू तो विसरतेस. मोजलं असतंस तर दुसऱ्याच ओळीत कळलं असतं."

"वर्गात आम्ही मोजत नाही. टाके मोजायचे नाहीत हा पहिला नियम. मोजणं म्हणजे ताण."

"मग सगळ्यांच्याच शाली अशा?"

"साधारण."

"माईंचीसुद्धा?"

धाकटीने जरा विचार केला. "माईंची सरळ आहे."

माई हे संबोधनच मोजपट्टीला गणिती चूक वाटे. बाई चाळिशीच्या, आणि त्यांना माई म्हणणाऱ्या सगळ्या साठीच्या. 'निवांत विणू या' असे वर्गाचे नाव. तासभर शाल विणायची, मधे डोळे मिटायचे, शेवटी कृतज्ञ व्हायचे. हे सारे हसण्यावारी गेले असते. पण शाल घडी करता करता धाकटी सहज म्हणाली, "आणि तीन आठवडे झाले, बीपीची गोळी बंद केली. गरजच उरली नाही."

मोजपट्टीच्या हातातली सुई थांबली. त्यांची आई अर्धांगवायूने अकरा महिने अंथरुणावर होती. शेवटी शेवटी तिला एकच शब्द येत असे आणि तोही कोणत्याच भाषेतला नव्हता. तोंडात घास भरवायचे काम धाकटीने केले होते, म्हणून तर हे ऐकताना मोजपट्टीला आधी रागच आला.

"डॉक्टरांना विचारलंस?"

"डॉक्टर काय, ते गोळ्याच देणार. माझ्याकडे पुरावा आहे." तिने फुलाफुलांची वही उघडली. "वर्गाआधी आणि वर्गानंतर, दोन्ही वेळा माई स्वतः मोजतात. हे बघ. एकशे बहात्तर, मग एकशे अठ्ठेचाळीस. एकशे सत्तर, मग एकशे पन्नास. एका तासात चोवीस अंशांनी उतरलं."

"मिलिमीटर. अंश तापाचे असतात. वर्ग कुठे भरतो?"

"त्या जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर."

"लिफ्ट आहे?"

"आहे, पण माई म्हणतात, जिना चढणं हा तयारीचा भाग आहे."

"पायऱ्या किती?"

"मोजल्या नाहीत."

"अर्थात," मोजपट्टी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः जाऊन मोजून आली. चौसष्ट. चौसष्टावी संपते तिथेच, दाराच्या आत एका स्टुलावर, रक्तदाबाचे यंत्र मांडलेले. धापा टाकत आलेल्या बाईच्या दंडाला तिथे पट्टा बांधायचा, आणि तासभर बसवून ठेवल्यावर पुन्हा. असल्या पद्धतीने दगडाचाही रक्तदाब उतरला असता. यंत्र नेमके जिन्याच्या तोंडाशी ठेवण्याइतकी समज असलेल्या बाईला मूर्ख म्हणणे मोजपट्टीला जमेना, आणि दुसरा शब्द तिने मनातल्या मनातच ठेवला.

संध्याकाळी धाकटीच्या नवऱ्याचा फोन आला. "मी काही बोललो की म्हणते, तुम्ही नकारात्मक आहात. ताई, तुमचं ऐकेल ती."

"माझं तिने आयुष्यात एकदाच ऐकलंय, आणि तो सल्ला चुकला होता."

"कोणता?"

"तुमच्याशी लग्न कर म्हणाले होते."

मेहुणे हसले, पण नेहमीपेक्षा लवकर थांबले. "काल जिना उतरताना कठडा धरून उभी राहिली होती. मला म्हणाली, चक्कर नव्हती."

मग मोजपट्टीने आपल्या दुपारी पणाला लावल्या. हे तिला वाटले त्यापेक्षा जड गेले, कारण कादंबरी चारशेव्या पानावर ऐन रंगात आली होती. तिने धाकटीला अट घातली. नऊ दिवस, दुपारी तीनला, माझ्या घरी. तळमजला आहे. आल्यावर आधी पाच मिनिटे गप्प बसायचे, मग पहिले माप. मग अर्धा तास विणायचे, किंवा वाचायचे, किंवा काहीच करायचे नाही, आणि त्यानंतर दुसरे माप. कोणत्या दिवशी काय, ते डब्यातली चिठ्ठी ठरवणार. तीन चिठ्ठ्या विणण्याच्या, तीन वाचण्याच्या, तीन रिकाम्या बसण्याच्या. विणण्याने दाब उतरत असेल तर तो विणण्याच्या दिवशीच उतरायला हवा.

"आणि उतरला तर?" धाकटीने विचारले.

"मी माईंना माई म्हणेन."

"नाही उतरला तर?"

"तू गोळी घेशील."

"बरं. पण मग तूही पट्टा बांधायचा. मला एकटीलाच उंदीर करायचं नाही."

अट शास्त्रीयदृष्ट्या रास्त होती. तुलनेला दुसरा नमुना असलेला केव्हाही बरा, आणि हा नमुना तर रोज दुपारी वाचणारा, विणणारा, कोणाच्या अध्यातमध्यात नसणारा. मोजपट्टीने यंत्र आणले, उशीवर हात ठेवला, पाच मिनिटे झाडांकडे पाहिले आणि बटण दाबले.

एकशे चौसष्ट. खाली अठ्ठ्याण्णव.

"किती?" धाकटी पुढे झुकली.

"यंत्र नवीन आहे," मोजपट्टी म्हणाली. "पहिलं माप धरत नाहीत."

दुसरे माप एकशे बासष्ट आले. त्या दिवशी धाकटीचे एकशे अठ्ठावन्न होते. मोजपट्टीने दोन्ही आकडे नीट अक्षरात तक्त्यात लिहिले, आणि स्वतःच्या आकड्यापुढे फुली मारून तळाशी टीप जोडली: पट्ट्याचे माप शंकास्पद.

दुसऱ्या दिवशी तिने मोठा पट्टा आणला. एकशे साठ. तिसऱ्या दिवशी, आपण मोजताना बोललो, असे तिचे मत पडले. चौथ्या दिवशी खुर्ची उंच होती आणि पाय लोंबकळत होते, म्हणून पायाखाली शब्दकोश ठेवला. एकशे त्रेसष्ट. पाचव्या दिवशी सकाळी ती यंत्र घेऊन थेट आपल्या जुन्या प्रयोगशाळेत गेली. तिच्या जागी बसलेल्या तंत्रज्ञाने ते प्रमाण दाबमापकाला जोडले, सात वेगवेगळ्या दाबांवर पडताळले आणि सांगितले, "मॅडम, एक मिलिमीटरची चूक. कमी दाखवतंय."

"कमी?"

"हो. खरा आकडा एकाने जास्त धरा. प्रमाणपत्र देऊ का?"

तिने ते घेतले. एकतीस वर्षांत असली प्रमाणपत्रे तिने हजारोंनी दिली होती आणि घेणाऱ्याच्या चेहऱ्याकडे कधी पाहिले नव्हते.

दुपारी धाकटीने ते प्रमाणपत्र दोन्ही बाजूंनी वाचले. रिकामे बसण्याची चिठ्ठी निघाली होती, त्यामुळे तिला दुसरे काम नव्हते. "पट्टा झाला, खुर्ची झाली, बोलणं झालं, यंत्र झालं," ती म्हणाली. "माईसुद्धा इतकी कारणं देत नाहीत गं."

"मी कारणं देत नाहीये. मी शक्यता वगळतेय."

"वगळ, वगळ. किती उरल्या?"

मोजपट्टीने प्रमाणपत्र तिच्या हातातून घेऊन तक्त्याला टाचले. तिला गेले पाच दिवस एक गोष्ट छळत होती, आणि ती आकड्याहून वाईट होती. स्वतःचा रक्तदाब तिने शेवटचा कधी मोजला हे तिला आठवत नव्हते. मोजायचे कारणच पडले नव्हते. आपल्याला काही होत नाही, आपल्याला छान वाटते, आपण निवांत आहोत. हा पुरावा तिने कोणाही ग्राहकाच्या तोंडून ऐकला असता तर यंत्रासकट त्याला दाराबाहेर काढले असते. धाकटीच्या वहीत निदान आकडे तरी होते.

नवव्या दिवशी तक्ता पूर्ण झाला. धाकटी टेबलाशी बसून एकेक ओळ बोटाने वाचत गेली. विणण्याच्या दिवशी सरासरी तीनने उतार. वाचण्याच्या दिवशी तीनने. काहीच न करण्याच्या दिवशी चारने.

"म्हणजे काहीच न करणं सगळ्यांत गुणकारी," ती म्हणाली.

"एकाचा फरक फरक नसतो. तिन्ही सारखेच."

"आणि माझा आकडा वरच राहतो."

"हो."

"एकशे छप्पन्नच्या खाली येतच नाही." आवाजातली शिकवलेली शांतता गेली होती आणि शाळेतली बाई बोलत होती. "मी रोज सांगत होते सगळ्यांना. दोघींनी माझं ऐकून गोळ्या बंद केल्यात. त्यांना आता सांगावं लागेल."

"सांग."

"माईंच्या समोर?"

"जिन्याच्या तळाशी गाठ. दम लागायच्या आत."

धाकटी हसली नाही. तिचे बोट तक्त्याच्या दुसऱ्या रकान्यावर सरकले, जिथे नऊ आकड्यांपुढे नऊ फुल्या होत्या. "या खोड. फुल्या."

"तो नमुना फक्त तुलनेसाठी होता."

"ताई, मी पैज हरले, गोळी घेणार, शब्द दिलाय. पण तू या फुल्या खोडून आत्ता माझ्याबरोबर डॉक्टरकडे आलीस तरच."

"हे ठरलं नव्हतं."

"नव्हतं. आत्ता ठरवलं. आईचा चमचा मी धरला होता. तुझाही मीच धरायचा का? मला नाही जमणार परत."

मोजपट्टीकडे यावर पद्धतशीर आक्षेप होते. प्रयोग संपल्यावर अटी बदलणे ही लबाडी आहे, एकीच्या औषधाचा दुसरीच्या औषधाशी कार्यकारण संबंध नाही, आणि शब्द दिला म्हणजे दिला. तिने ते तिन्ही मनात मांडून पाहिले. प्रत्येक बरोबर होता, आणि प्रत्येकाचा शेवट धाकटी गोळीविना घरी जाण्यात होत होता. तिने पेन उचलले, नऊ फुल्या एकेक करून खोडल्या आणि पट्ट्याविषयीची टीपही खोडली. मग ती बूट शोधायला गेली.

डॉक्टर तरुण होत्या आणि तक्ता पाहून खूश झाल्या, ही गोष्ट मोजपट्टीला अवेळी वाटली. "एवढी नीट नोंद कोणी आणत नाही. हा आकडा कधीपासून आहे?"

"ठाऊक नाही."

"साधारण?"

"साधारणही नाही. नोंद नाही."

एवढे बोलायला तिला पट्टा बांधून घेण्यापेक्षा जास्त कष्ट पडले. डॉक्टरांनी मान डोलावली, कागदावर औषध लिहिले आणि धाकटीकडे वळल्या. धाकटीने सांगून टाकले. तीन आठवडे नव्हे, आता पाच. शालीबद्दल मात्र ती बोलली नाही.

"उद्यापासून पुन्हा सुरू करते," ती म्हणाली.

"आजपासून," मोजपट्टी म्हणाली.

"घरी गेल्यावर."

"इथे."

धाकटीने तिच्याकडे पाहिले, पर्स उघडली आणि आतल्या कप्प्यातून गोळ्यांची पट्टी काढली. पट्टीचे कोपरे पर्समध्ये घासून गुळगुळीत झाले होते. गरज उरली नाही म्हणणारी बाई पाच आठवडे ती रोज बरोबर बाळगत होती. यावर मोजपट्टीला बोलण्यासारखे बरेच होते आणि त्यातले निम्मे चांगले बोचरे होते. कोपऱ्यातल्या पाण्याच्या यंत्रातून तिने पेला भरून आणला, बहिणीच्या हातात दिला आणि तिचा घोट खाली उतरेपर्यंत उभी राहिली.