आभार मानायचे नसतात

"टॉय टॉय टॉय," मी म्हटलं आणि फोल्कमारच्या डाव्या खांद्यावरून थुंकल्यासारखं केलं.

तिसऱ्या घंटेला दहा मिनिटं होती. पहिल्या प्रयोगाआधी आमच्या नाट्यगृहात सगळेच एकमेकांना शुभेच्छा म्हणून असं करत फिरतात. सुतार, दिवेवाले, तिकीट खिडकीवरची बाईसुद्धा. समोरच्याने फार तर मान हलवायची. आभार मात्र मानायचे नसतात. मानले तर प्रयोग बुडाला म्हणून समजा. हे कुठल्या नाट्यशाळेत शिकवत नाहीत. नवीन माणूस चुकला की कुणीतरी हातावर चापट मारतं, आणि मग तो जन्मात विसरत नाही.

फोल्कमार रेशकेने माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि अगदी मनापासून म्हणाला, "आभारी आहे हं."

रंगभूषा करणाऱ्या गुद्रुनचा पफ हवेतच थांबला.

"काय रे म्हाताऱ्या," ती म्हणाली, "चौऱ्याहत्तराव्या वर्षी सगळ्यांना घेऊन बुडणार आहेस का?"

"बघत होतो, जागे आहात का," तो म्हणाला.

सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण हे म्हणण्याआधी त्याने एकेकाचा चेहरा पाहून घेतला होता. परक्या गावात रस्ता चुकलेला माणूस पाट्या वाचतो, तसा.

पण मला दिसलं ते खरंच तसं होतं का? माझी येटे तेव्हा आठ महिन्यांची होती. रात्री तीनदा उठत होते. आदल्याच दिवशी मी घराच्या किल्ल्या फ्रीजमध्ये लोण्याशेजारी ठेवल्या होत्या. असल्या बाईने दुसऱ्याच्या विसरण्याबद्दल काय बोलावं? माझा नवरा हेनिंग म्हणायचा, "तू सगळ्यांचे श्वास मोजत बसतेस, वीबके. पोरीचे मोजतेस, ते पुरत नाहीत म्हणून नटांचे मोजतेस."

नटांचे श्वास मोजणं हेच तर माझं काम. मी प्रॉम्प्टर आहे. पहिल्या रांगेत डाव्या टोकाच्या खुर्चीत, मांडीवर संहिता आणि एक मिणमिणता दिवा घेऊन बसते. नट थांबला की अर्ध्या क्षणात ठरवायचं असतं, की हा मुद्दाम थांबलाय की विसरलाय. मुद्दाम थांबलेला माणूस श्वास पोटात ठेवतो. विसरलेल्याचा श्वास गळ्याशी येऊन अडकतो. मग मी पुढच्या वाक्याचा पहिला शब्द द्यायचा, तेवढाच. फोल्कमारला सहा वर्षांत माझ्याकडून एक शब्द लागला नव्हता.

बाविसाव्या वर्षी तो या गावात आला. वडिलांचं चष्म्याचं दुकान सोडून आला, म्हणून वडील अकरा वर्षं बोलले नाहीत. देश दुभागणारी भिंत पडायच्या आधीच्या काळात त्याने तीन सिनेमे केले. त्यांतल्या एकात तो फक्त मोटरसायकलवरून जातो आणि मागे वळून बघतो. तेवढ्यावर त्याला पत्रांची पोती आली, असं गुद्रुन सांगते. सगळा देशच बदलला तेव्हा अर्धी मंडळी पश्चिमेकडे गेली, हा राहिला. मग टीव्हीवरच्या गुन्हेगारी मालिकेत त्याला प्रेतं तपासणाऱ्या डॉक्टरचं काम मिळालं. दर रविवारी प्रेताजवळ ओणवं व्हायचं आणि मरणाची वेळ सांगायची, "रात्री दहा ते बारा. नक्की उद्या सांगतो." तेरा वर्षं हेच. पन्नास वर्षांत केलेले राजे आणि वेडे लोक विसरले, हे वाक्य राहिलं. बेकरीत शिरला की मालकीणबाई विचारायच्या, "काय डॉक्टर, आज कोण गेलं?" तो काउंटरवरचा पाव अंगठ्याने दाबून म्हणायचा, "हा गेलाय. काल रात्री दहा ते बारा."

या नाटकात तो म्हाताऱ्या नावाड्याचं काम करत होता. नदीवर पूल होतो, नाव बंद पडते आणि शेवटच्या प्रवेशात तो आपल्या मुलीला नदी ओलांडायच्या वाटा सांगतो. सात प्रयोग होते आणि त्यानंतर फोल्कमार थांबणार होता. तसं त्याने स्वतःच जाहीर केलं होतं.

पहिल्या प्रयोगात तो चार वेळा थांबला. चारही वेळा मला कळेना. श्वास ना पोटात, ना गळ्यात. मी दोनदा शब्द दिला, दोनदा नाही, आणि चारही वेळा तो पुढे गेला. दोन दिवसांनी गावच्या वर्तमानपत्रात आलं: "रेशके यांच्या नि:शब्द जागा थक्क करतात. एवढं थांबायचं धैर्य आज कोणात आहे?" मी ते तीनदा वाचलं. मग मला वाटलं, मीच मूर्ख. तो थांबत होता आणि मी मध्ये तोंड घालत होते.

दुसऱ्या प्रयोगानंतर तो कॅन्टीनमध्ये माझ्यासमोर येऊन बसला. मी येटेला बटाट्याचं सूप भरवत होते.

"गोड आहे. नाव काय हिचं?"

"येटे."

"छान." त्याने आपला चमचा सरळ ठेवला, मग आडवा ठेवला. "तुला कळलंय."

"मला काहीच नीट कळत नाहीये, फोल्कमार."

"मलाही. कधी सगळं असतं, अगदी पंचवीस वर्षांपूर्वीची वाक्यंसुद्धा. कधी वाटतं, हे कपडे मला कुणी घातले? डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलंय. ते मात्र आठवतं बघ, मेलं." तो हसला. "डॉरिटला सांगू नकोस. ती भली बाई आहे, दिग्दर्शक म्हणून तिला करावंच लागेल, दुसऱ्या गावाहून कुणाला तरी बोलावेल. तो हातात कागद धरून माझी नाव हाकेल. मला शेवटच्या प्रयोगापर्यंत पोचव."

"आणि मध्येच स्टेजवर काही झालं तर? तू पडलास तर?"

"मग म्हण, दहा ते बारा."

येटेने सूप फुर्रकन उडवलं. ते त्याच्या बाहीवर पडलं. त्याने ते पुसलं, तिच्याकडे कौतुकाने पाहिलं आणि विचारलं, "नाव काय हिचं?"

चौथ्या प्रयोगानंतर डॉरिटने मला जिन्यात गाठलं. "फोल्कमारचं काय चाललंय? नाटक बारा मिनिटांनी लांबलंय."

"रंगलाय तो," मी म्हटलं. "जागा घेतोय."

"नक्की?"

"वर्तमानपत्रातही आलंय ना."

घरी जाऊन मी येटेच्या पाळण्याशी बसले आणि आपण हे काय केलं ते मला उलगडेना. दया केली की त्याला खड्ड्याकडे ढकललं? हेनिंगला विचारलं तर तो म्हणाला, "तुझे आजोबा असते तर?" त्याने तर अजूनच गुंता झाला. आजोबा असते तर मी त्यांना खुर्चीतूनही उठू दिलं नसतं.

शेवटचा प्रयोग रविवारी दुपारी तीनला होता. सभागृह भरलं होतं. बेकरीवाल्या बाई नवा कोट घालून आल्या होत्या. मी फोल्कमारच्या खोलीत गेले. "टॉय टॉय टॉय." त्याने आभार मानले नाहीत. मान हलवली, झुकून माझ्याही खांद्यावरून टॉय टॉय टॉय केलं. मला इतकं हलकं वाटलं, की आरशाच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठ्यांकडे मी पाहिलं आणि पाहिलंच नाही.

दोन अंक त्याने असे रंगवले की मी संहितेचं पान उलटायला विसरले.

शेवटच्या प्रवेशात नावाडी काठावर बसतो. मुलगी विचारते, "बाबा, पाणी कमी असेल तेव्हा कुठून जायचं?" फोल्कमारने तोंड उघडलं. मिटलं. मी श्वास ऐकायचा प्रयत्न केला. शांत होता, झोपलेल्या येटेसारखा. मी शब्द दिला. "वाळवंटाच्या..." काही नाही. पुन्हा दिला, जरा मोठ्याने. मुलीचं काम करणारी नटी माझ्याकडे बघू लागली. विंगेत डॉरिट उभी होती; तिचा हात तोंडावर गेलेला मला दिसला.

फोल्कमार उठला. सावकाश रंगमंचाच्या कडेपर्यंत आला, गुडघ्यांवर हात ठेवून ओणवा झाला, आणि माझ्या दिव्याकडे बघून म्हणाला, "बाई, तुम्ही काही म्हणालात का?"

आमच्याकडे सगळे एकमेकांना अरेतुरे करतात. पहिल्या दिवशी त्यानेच मला दटावलं होतं, की अहोजाहो बाहेर, पोस्टात.

प्रॉम्प्टरने पहिल्या शब्दापलीकडे जायचं नसतं. माझा आवाज पाचव्या रांगेपलीकडे पोचायलाही नको. मी उभी राहिले. संहिता हातात होती, पण डोळे त्याच्यावरून काढवेनात, आणि वाक्यं मला पाठच होती.

"वाळवंटाच्या बाजूने जायचं," मी म्हटलं. "तीन झाडांपर्यंत सरळ. मग पाण्याचा रंग बदलतो, तिथे थांबायचं. घाई करायची नाही."

"घाई करायची नाही," तो म्हणाला.

"पूर असेल तर चर्चचा मनोरा उजव्या खांद्यावर ठेवायचा."

"उजव्या." त्याने खांद्याला हात लावून पाहिला.

मी सगळं सांगितलं. तो एखाद्या अनोळखी बाईकडून आपल्या गावचा रस्ता समजून घ्यावा तसा ऐकत होता, मध्येच मान डोलावत होता. मी संपवलं. मग तो वळला, मुलीजवळ गेला, आणि नाटकातलं शेवटचं वाक्य स्वतःहून म्हणाला, एकही शब्द न चुकता. "आता पूल झालाय. पण माहीत असू दे."

लोक उभे राहिले. बेकरीवाल्या बाई रडत होत्या. माझ्या मागचा माणूस बायकोला सांगत होता, "म्हाताऱ्याने लोकांतून उत्तर घेतलं, बघितलंस? काय कल्पना आहे!" डॉरिट टाळ्या वाजवत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात राग होता की काय, ते मला आजही सांगता येत नाही.

गर्दी ओसरायच्या आत मी त्याच्या खोलीत गेले. आरशावरच्या चिठ्ठ्या इतर कुणी वाचायला नको होत्या. तो अर्धा चेहरा पुसून बसला होता. मी एकेक कागद काढू लागले. "डावा बूट आधी." "गुद्रुन, लाल केस, हिच्याशी भांडण नाही." "टॉय टॉय टॉय म्हटलं की आभार मानायचे नसतात." आणि अगदी खाली, "वीबके. पहिली रांग, डावीकडे. बाळ आहे. नाव विचारू नकोस, सांगितलंय."

"आभारी आहे," मागून तो म्हणाला. मग चिठ्ठ्या काढलेल्या आरशाकडे बघून दचकला. "हे म्हणायचं नसतं ना?"

"आता चालतं," मी म्हटलं. "नाटक संपलं."

दारात हेनिंग येटेला घेऊन उभा होता. ती आपल्या मोज्याचं टोक चोखत होती. फोल्कमारने तिच्याकडे पाहिलं. मग माझ्या हातातल्या कागदांकडे, आणि पुन्हा तिच्याकडे.

"नाव काय हिचं?"

"येटे," मी म्हटलं.

"येटे," तो म्हणाला, पहिल्यांदाच ऐकावं तसं. "छान नाव आहे." आणि उरलेला अर्धा चेहरा पुसू लागला.